एअर पिस्तुलाची साइट बदलताना: आधी माप, मग हातोडी

सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीतून रोज सायकलवर सरावाला येणारी एक मुलगी गेल्या उन्हाळ्यात माझ्यापुढे पिस्तूल ठेवून म्हणाली, "सर, माझी पुढची साइट बुलपेक्षा जाड दिसते. बाकीच्यांना नाही दिसत." साइट म्हणजे नेम धरायचा भाग: पुढे नळीच्या टोकाशी उभी पट्टी, मागे खाच. बुल म्हणजे लक्ष्यावरचा काळा गोल. तिच्या हातात क्लबचं पिस्तूल होतं आणि त्यावर ५ मिलिमीटरची साइट होती. त्याच पिस्तुलानं एक उंच मुलगा सकाळी व्यवस्थित दहात मारून गेला होता. दोघांचे डोळे ठीक, पिस्तूल ठीक. फरक होता हाताच्या लांबीचा. तिची साइट बदलायला मी आणि तिनं मिळून दोन संध्याकाळी घालवल्या. त्यातली पहिली संध्याकाळ नुसती मोजण्यात गेली, आणि खरं काम झालं ते तेव्हाच.

साइट बदलणं म्हणजे एक काढायची आणि दुसरी ठोकून बसवायची, असं समजून पोरं माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी हातातली हातोडी काढून घेतो आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, देतो. पुढचं सगळं त्याच क्रमानं लिहिलंय.

कशाला हात लावायचा, कशाला नाही

हा लेख १० मीटर एअर पिस्तुलाबद्दल आहे. आपल्याकडे २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत कॅलिबर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर गनला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाची ऊर्जा याच्या कितीतरी खाली, सहा ज्यूलच्या आसपास असते. अर्धा ग्रॅमचा छर्रा, सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेग, एवढाच तो खेळ. म्हणून त्याची साइट घरच्या टेबलावर बदलता येते.

.२२ चं किंवा त्यावरचं फायर आर्म असेल तर गोष्ट वेगळी. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणं, दुरुस्त करणं, त्यात फेरबदल करणं या सगळ्याला परवाना लागतो. स्लाइड (प्रत्येक फैरीला मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) असलेलं पिस्तूल असेल आणि त्यावर वेगळी साइट हवी असेल तर परवानाधारक गनस्मिथकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जा, पावती घ्या. एमआयडीसीतला ओळखीचा लेथवाला कितीही कुशल असला तरी त्याच्याकडे स्लाइड नेऊ नका. त्यालाही अडचणीत आणाल आणि स्वतःलाही. त्या कामात काय काय पाहिलं जातं हे मात्र नेमबाजाला माहीत असावं, म्हणून शेवटाकडे त्यावर थोडं लिहिलंय.

टेबल मांडणं

पहिलं काम हवेचं सिलिंडर काढणं. मॅच पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये भरलेल्या अवस्थेत २०० बार दाब असतो. सिलिंडर फिरवून सुटा करा, नळीत छर्रा नाही हे डोळ्यानं बघा आणि नळीच्या पूर्ण लांबीतून रंगीत सेफ्टी दोरी घाला. दोरी दोन्ही टोकांना दिसली पाहिजे. घरात एकटे असलात तरी हे करायचंच. काढलेलं सिलिंडर सावलीत ठेवा. सोलापूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ६५ अंशांपर्यंत पारा सहज जातो, आणि ३० अंशांना भरलेला २०० बारचा दाब तिथं २२३ च्या घरात पोचतो. सिलिंडरवर कोरलेली मुदतही याच निमित्तानं वाचून घ्या.

टेबलावर आपला सोलापुरी टर्किश टॉवेल अंथरा, पांढरा असेल तर उत्तम. साइटचे स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढे असतात. गुळगुळीत टेबलावर ते घरंगळतात आणि फरशीवर पडले की मिळत नाहीत. टॉवेलच्या फासांत मात्र पडला तिथंच अडकून राहतो. स्क्रू हरवल्यामुळे ऐन स्पर्धेच्या आदल्या रात्री रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिलीत. तो स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, परदेशातून मागवावा लागतो.

हत्यारं फार लागत नाहीत. चांगल्या पोलादाच्या ॲलन की हव्यात. स्वस्त संचातली की गोल होते आणि जाताना स्क्रूची षटकोनी खाचही खाऊन जाते. ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचणारा व्हर्नियर, एक पितळी पोगर (ठोकताना मध्ये धरायचा दांडा), शंभर-दीडशे ग्रॅमची हलकी हातोडी, लहान शेगडा (वस्तू आवळून धरायचा व्हाइस) आणि त्याच्या जबड्यांना लावायला चामड्याचे तुकडे. ४०० नंबरचा पॉलिश पेपर, काचेचा एक जाड तुकडा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव), ॲसिटोन. आणि एक वही. या सगळ्यात वही सोडून बाकी काहीही उसनं चालतं.

मोजमाप: डोळ्यापासून सुरुवात

१० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्याचा काळा भाग, म्हणजे बुल, ५९.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत ८ मिलिमीटरनं वाढत जातं. हे आकडे पाठ असू द्या, सगळं गणित यांच्यावर उभं आहे.

आता सुतळीचं एक टोक डोळ्याच्या कोपऱ्याशी धरा, नेहमीच्या पवित्र्यात पिस्तूल उचला आणि मित्राला दुसरं टोक पुढच्या साइटपर्यंत न्यायला सांगा. त्या उंच मुलाचं अंतर आलं ९० सेंटिमीटर. लक्ष्य डोळ्यापासून दहा मीटर धरलं तर ९० सेंटिमीटरवर बुल दिसेल ५९.५ गुणिले ०.९ भागिले १०, म्हणजे सुमारे ५.४ मिलिमीटर. त्याला ५ ची साइट बुलपेक्षा किंचित बारीक दिसते, जशी दिसायला हवी तशी. त्या मुलीचं अंतर आलं ७८ सेंटिमीटर. तिथं बुल दिसतो ४.६ मिलिमीटर. तिला ५ ची साइट बुलपेक्षा जाड दिसणारच. तिची तक्रार शब्दशः खरी होती आणि तिच्या डोळ्यांना नंबर काढायला पाठवायची गरज नव्हती. आम्ही ४.५ ची मागवली.

साइट बुलएवढीच असावी असा काही नियम नाही. बुलपेक्षा थोडी रुंद साइट आवडणारेही चांगले नेमबाज आहेत, कारण रुंद साइट हातात स्थिर वाटते. पण नवशिक्यानं बुलच्या आसपास राहावं असं माझं मत आहे. साइट फार बारीक घेतली की ती सुईसारखी बुलखाली सरकत राहते, आणि पोरगं ती स्थिर होण्याची वाट बघत दहा सेकंद हात ताणून धरतं.

मागच्या साइटची खाच पुढच्या साइटबरोबर ठरवायची असते. हे बहुतेक जण विसरतात. पुढची आणि मागची साइट यांच्यातलं अंतर मोजा. आमच्या पिस्तुलावर ते ३३० मिलिमीटर आहे. म्हणजे मुलीच्या डोळ्यापासून मागची साइट ४५ सेंटिमीटरवर. ४.५ ची पुढची साइट त्या जागी दिसते ४.५ गुणिले ४५ भागिले ७८, सुमारे २.६ मिलिमीटर. तिच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची एकेक पट्टी हवी, साइटच्या एक तृतीयांश तरी. मग खाच आली साधारण ४.३ मिलिमीटर. उंच मुलासाठी हेच गणित केलं तर पुढची साइट ५ ची, मागची ५७ सेंटिमीटरवर, दिसणारी रुंदी ३.२, खाच ५.३. एकाच पिस्तुलावर दोघांच्या खाचांत एक मिलिमीटरचा फरक. बहुतेक मॅच पिस्तुलांना खाच कमीजास्त करायचा स्क्रू असतो, त्यामुळे मागची साइट बदलावी लागतेच असं नाही. पट्ट्या अरुंद ठेवल्या तर नेम बारीक लागतो हे खरं, पण ट्यूबलाइटच्या मंद उजेडात त्या दिसेनाशा होतात आणि डोळा थकतो. आपल्याकडच्या बऱ्याच हॉलमध्ये उजेड बेताचाच असतो, म्हणून मी पट्ट्या जरा ढिल्या ठेवायला सांगतो.

उंचीचं गणित

रुंदी डोळ्याला दिसते, उंची मात्र कागदावर छर्रा पडल्यावरच कळते. त्यासाठी एकच भागाकार लक्षात ठेवायचा: लक्ष्याचं अंतर भागिले दोन साइटमधलं अंतर. १०,००० भागिले ३३० म्हणजे तीस. साइट एक मिलिमीटर हलली की छर्रा तीस मिलिमीटर हलतो. एका वर्तुळाचा, म्हणजे ८ मिलिमीटरचा फरक करायला साइट पाव मिलिमीटरच्या जरा वर हलवावी लागते. वहीच्या दोन-तीन पानांच्या जाडीचा हा खेळ.

दिशा अशी: मागची साइट जिकडे नेली तिकडे छर्रा जातो, पुढची जिकडे नेली त्याच्या उलट. नवी पुढची साइट जुनीपेक्षा ०.६ मिलिमीटर उंच असेल तर छर्रा १८ मिलिमीटर खाली जाईल, म्हणजे दोन वर्तुळांपेक्षा जास्त. ते भरून काढायला मागची साइटही ०.६ वर घ्यावी लागेल. तेवढी जागा मागच्या साइटच्या स्क्रूमध्ये उरली आहे का, हे नवी साइट विकत घेण्याआधी बघायचं. स्क्रू आधीच वरच्या टोकाला असेल तर उंच साइट घेऊन उपयोग नाही.

यात नेम धरायची पद्धतही येते. आपण बुलच्या मध्यावर नेम धरत नाही, बुलच्या खाली पांढऱ्यात धरतो. बुलची त्रिज्या २९.७५, खाली आठ मिलिमीटर पांढरं सोडत असाल तर नेम मध्यापासून ३८ मिलिमीटर खाली असतो, आणि छर्रा तेवढा वर जावा अशीच साइट लावलेली असते. दुसऱ्याची साइट लावलेलं पिस्तूल उचलून "हे वर मारतं" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा वेगळं पांढरं सोडत असतो.

आता जुनी साइट काढण्याआधी या गोष्टी वहीत उतरवा: पुढच्या साइटची नळीच्या वरच्या पृष्ठापासून उंची, तिची रुंदी, ती नळीच्या मध्यावर आहे की बाजूला सरकलेली, खाचेची रुंदी. मागच्या साइटचे दोन्ही स्क्रू टोकापर्यंत फिरवून क्लिक (फिरताना होणारे टक् आवाज) मोजा आणि परत त्याच क्लिकवर आणा. उदाहरणार्थ "खालून ३४, डावीकडून २१". फोनवर तीन बाजूंनी फोटो काढा. शेवटी पातळ ब्रशनं नेलपॉलिशची एक रेघ अशी ओढा की अर्धी साइटच्या तळावर आणि अर्धी नळीवर येईल.

ही शेवटची सवय मला वडिलांकडून लागली. ते अशोक चौकात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे होते. मागाचा कुठलाही बोल्ट सैल करण्याआधी ते खडूनं खूण करायचे, मग पाना लावायचे. मी माझ्या पहिल्या पिस्तुलावर ती खूण केली नव्हती. जुनं पिस्तूल होतं, पुढची साइट डव्हटेलमध्ये, म्हणजे तिरक्या कडांच्या खाचेत बसवलेली. मी लोखंडी पोगर घेतला आणि ठोकली. साइट निघाली, पण खाचेच्या ओठावर केसाएवढी बोच उभी राहिली. नवी साइट त्या बोचेवर चढून जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर एका बाजूला बसली, आणि माझे छर्रे वीस मिलिमीटर डावीकडे पडायला लागले. दोन आठवडे मी ट्रिगरचं बोट सुधारत बसलो. आरशासमोर, दाराच्या चौकटीसमोर, रोज शंभर वेळा. वडिलांनी भिंगातून पिस्तुलाकडे एकदा बघितलं आणि नखानं ती बोच दाखवली.

काढणं आणि बसवणं

पुढच्या साइटची जोडणी बहुधा तीनपैकी एका पद्धतीची असते. सर्वांत सोपी म्हणजे वरून किंवा समोरून एका स्क्रूनं धरलेली पट्टी: स्क्रू सोडा, जुनी काढा, नवी ठेवा, स्क्रू लावा. दुसरी म्हणजे नळीवरच्या ब्लॉकमध्ये सरकवून बाजूच्या बारीक, बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूनं आवळलेली. तिसरी म्हणजे डव्हटेल, वर अरुंद आणि खाली रुंद अशी खाच, तिच्यात साइट नुसत्या घट्टपणावर बसलेली असते. जुन्या आणि क्लबच्या पिस्तुलांवर ही जास्त दिसते आणि चुका होतात त्या इथंच.

स्क्रू हलत नसेल तर जोर करू नका. कारखान्यात थ्रेडलॉकर लावलेलं असतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा, थ्रेडलॉकर मऊ होतं, मग की फिरवा. प्लास्टिकच्या साइटला हा उपाय चालणार नाही.

डव्हटेलमधली साइट ठोकून काढताना नळी शेगड्यात धरायची नाही. नळीखालचा जाड धातूचा भाग चामड्यात गुंडाळून, जेमतेम हलणार नाही एवढाच आवळायचा. पिस्तुलाची मूठ लाकडाची असेल तर ती आधी उतरवा. पोगर साइटच्या तळाशी टेकवा, वरच्या पात्याला नाही. पात्याला ठोकलं तर ते वाकतं. एक मोठा घाव घालण्यापेक्षा आठ-दहा लहान टोले द्या. आवाज ऐकत राहा: साइट सरकत असते तोवर आवाज बोदा येतो, टणटणीत आला की साइट अडली आहे असं समजा आणि थांबून बघा. बहुतेक डव्हटेल मागून पाहिल्यावर डावीकडून उजवीकडे निघतात आणि नवी साइट उजवीकडून डावीकडे आत जाते, पण खाच कुठल्या बाजूला किंचित रुंद आहे हे व्हर्नियरनं मोजून खात्री करून घ्या. माझ्या हातून याच्या उलट गेलेलंही एक पिस्तूल आहे.

साइट निघाली की रिकामी खाच ॲसिटोननं पुसा आणि काडीवर कापूस गुंडाळून ओठांवरून फिरवा. बोच असेल तिथं कापसाचा धागा अडकेल. ती बोच बारीक ऑइलस्टोननं एक-दोन फटक्यांत काढा. खाचेवर एवढंच काम करायचं.

नवी साइट आत जात नसेल तर घासायचा तो साइटचा तळ. पिस्तुलाची खाच कधीही घासायची नाही. साइट आठशे-हजाराची, चुकली तर दुसरी येते. खाच मोठी झाली तर नळीचा ब्लॉक गेला. पॉलिश पेपर काचेवर ठेवा, साइटचा तळ त्यावर सपाट टेकवा आणि एकाच दिशेनं दहा वेळा ओढा. पुढे-मागे घासलं की तळाला पोट येतं आणि साइट खाचेत डोलते. दहा ओढींनंतर पुसा, लावून बघा, पुन्हा दहा. मुलीच्या साइटला अशा चौदा फेऱ्या लागल्या आणि त्या सगळ्या तिनंच केल्या. तळ किती घासला तेही वहीत लिहा, कारण तळ जितका गेला तितकी साइट खाली बसणार आणि छर्रा तितका वर जाणार. ०.०५ मिलिमीटर घासलं तर कागदावर दीड मिलिमीटर.

तळ घासूनही जात नसेल तर तिरक्या कडा जाड आहेत. त्यासाठी त्रिकोणी कानस लागते, जिची एक बाजू ग्राइंडरवर दात काढून गुळगुळीत केलेली असते, म्हणजे तिरकी कड घासताना तळ खाल्ला जात नाही. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर आधी जुन्या साइटवर हात बसवा.

नुसत्या घट्टपणावर बसणारी साइट अंगठ्यानं एक तृतीयांश आत गेली पाहिजे, उरलेली पोगरानं. अंगठ्यानं पूर्ण गेली तर ती ढिली आहे. ग्रब स्क्रू असलेली साइट मात्र अंगठ्यानं, थोडा विरोध करत, शेवटपर्यंत गेली तरी चालते. मधोमध आणण्यासाठी दोन्ही बाजूंनी नळीच्या कडेपर्यंतचं अंतर व्हर्नियरनं मोजा. नुसत्या डोळ्यावर सोडू नका. अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही आणि कागदावर पंधरा होतो.

मग ग्रब स्क्रू. आटे ॲसिटोननं कोरडे करा, टूथपिकच्या टोकावर येईल तेवढंच निळं थ्रेडलॉकर लावा, ॲलन कीचा आखूड दांडा दोन बोटांत धरून आवळा. लांब दांड्यानं आवळायचं नाही, आटे जातात. लाल थ्रेडलॉकर घरात ठेवूच नका. आणि साइट किंवा आसपासचा भाग प्लास्टिकचा असेल तर थ्रेडलॉकर अजिबात नको, काही प्लास्टिकला त्यानं तडे जातात. रात्रभर तसंच ठेवा. लावलं आणि तासाभरात रेंजवर गेलो असं केलं तर ते लावलंच नाही म्हणा.

काजळी

घासताना साइटचा काळा लेप कुठेतरी निघतोच. चमकणारी कड उजेड परतवते आणि डोळा त्या चमकेकडे ओढला जातो. उजेड डावीकडून आला तर साइट एका बाजूला सरकल्यासारखी दिसते. बाजारात साइट काळी करायचा स्प्रे मिळतो, पण आपल्या देवघरातला कापूर तेच काम करतो. साइट पिस्तुलावर नसताना, सुटी असतानाच, चिमट्यात धरून जळत्या कापराच्या धुरात वरून फिरवायची. ज्योतीत नाही, धुरात. मखमलीसारखा मऊ काळा थर बसतो. बसवताना बोटं लागून तळाकडची काजळी जाते, त्याचं काही नाही. पात्याचा मागचा, डोळ्याकडचा चेहरा शाबूत राहिला की झालं. एकदा काजळी लागलेली पुढची साइट बुलखाली धरून बघा, तिची वरची कड कापून काढल्यासारखी दिसते. आमच्या त्या मुलीनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिनं हात खाली करून पुन्हा उचलला, आणि पुन्हा.

सावध राहायचं ते इतकंच की सिलिंडर, थ्रेडलॉकर आणि ॲसिटोन त्या खोलीत नकोत.

कागदावर लावणं

पहिले पाच छर्रे कोऱ्या कागदावर, लक्ष्य उलटं लावून मारा. बुल समोर दिसला की मन दहा मागायला लागतं आणि हात नकळत दुरुस्ती करतो. कोऱ्या कागदावर फक्त दोन साइट एका रांगेत ठेवायच्या असतात. पाच छर्रे एकत्र पडले तर साइट घट्ट आहे. दोन इकडे, तीन तिकडे अशा दोन टोळ्या पडल्या तर साइट हलते आहे, परत टेबलावर.

मग लक्ष्य सरळ करून पाचचा ग्रुप, त्याच्या मध्यापासून दहाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, क्लिक लावा. एका क्लिकला छर्रा किती हलतो हे पुस्तिकेत दिलेलं असतं, तरी मी ते तपासूनच घेतो: दहा क्लिक फिरवायचे, पुन्हा पाच मारायचे, फरक मोजायचा आणि दहानं भागायचं. स्क्रूवरच्या बाणांचा अर्थही असाच तपासा. काही पिस्तुलांवर बाण छर्रा जिकडे न्यायचा ती दिशा दाखवतो, काहींवर छर्रा चुकून जिकडे गेला ती. पोरं याच ठिकाणी उलटं फिरवून अर्धा डबा छर्रे संपवतात.

क्लिक नेहमी एकाच दिशेनं संपवा. वर जायचं असेल तर सरळ वर. खाली जायचं असेल तर दोन क्लिक जास्त खाली जाऊन दोन वर या. आट्यांमध्ये थोडा ढिलेपणा असतोच, आणि दिशा बदलली की पहिला क्लिक कधीकधी पोकळ जातो.

एका छर्र्यावर साइट हलवायची नाही, पाचवर हलवायची. आठला पडलेला एकटा छर्रा तुमच्या हाताचा असतो. साइटची चूक पाचही छर्रे एका बाजूला घेऊन जाते.

चाळिशी ओलांडलेल्या नेमबाजाला पुढची साइट धूसर दिसत असेल तर साइट बदलून फरक पडणार नाही. सुतळीनं मोजलेलं अंतर चष्म्याच्या डॉक्टरांना सांगा, त्या अंतरावर धार दिसेल असा नेमबाजीचा वेगळा नंबर काढून मिळतो. वाचायचा चष्मा लावून नेम धरू नका, तो चाळीस सेंटिमीटरसाठी असतो.

स्पर्धेचे नियम

१० मीटर एअर पिस्तुलात उघडीच साइट चालते. लाल ठिपक्याची, लेझरची, भिंगाची नाही, आणि उघड्या साइटवर झाकण किंवा छप्पर लावलेलंही चालत नाही. रंगीत चमकणाऱ्या धाग्यांच्या साइट दिसायला छान असतात, त्या घेऊ नका. साइट बदलल्यावर पिस्तूल ४२० गुणिले २०० गुणिले ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं. पुढे सरकवलेली साइट किंवा उंच केलेली मागची साइट पेटीच्या कडेला लागते, म्हणून पुठ्ठ्याची तेवढ्या मापाची पेटी घरीच करून ठेवा.

सुटे स्क्रू, एक जादा पुढची साइट आणि बरोबर मापाची ॲलन की पिस्तुलाच्या पेटीत कायम असू द्या. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्यात बिघडलं आणि तिची बरीच मिनिटं गेली, अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीच मनू पॅरिसमध्ये २०२४ साली याच प्रकारात कांस्य घेऊन आली. बिघाड कुणालाही गाठतो. तयारी आपल्या हातात असते.

स्लाइडवरच्या साइटबद्दल

२५ मीटर स्पोर्ट्स पिस्तुलाकडे वळणारी मुलं विचारतात म्हणून हे लिहितो. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण घेतलं, तेव्हापासून आपल्या भागात विचारणा वाढलीय. स्लाइडवर बसवलेली साइट प्रत्येक फैरीला स्लाइडबरोबर मागे जाऊन थडकते आणि पुढे येऊन थडकते. एअर पिस्तुलाच्या साइटला हा मार नसतो. म्हणून तिथं अंगठ्याचा नियम कडक पाळतात आणि ठोकण्याऐवजी स्क्रूच्या दाबानं साइट ढकलणारं खास साधन वापरतात, कारण तो दाब सरळ आणि मोजून देता येतो. स्लाइड फ्रेमवरून उतरवूनच काम होतं.

मागणीनुसार बनवलेल्या स्लाइडची खाच कुठल्या कंपनीच्या साइटसाठी कापली आहे हे आधी विचारा. रुंदी, खोली आणि कोन हे तिन्ही जुळावे लागतात. ६० अंशांच्या खाचेत ६५ अंशांचा तळ आत जाताना दिसतो, पण फक्त एका रेषेवर टेकतो आणि काही फैरींनंतर सरकतो. गनस्मिथनं तुमच्यासमोर कोन मोजला नाही तर मोजायला सांगा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

नंतरची देखभाल

पहिल्या दोनशे छर्र्यांनंतर नेलपॉलिशची रेघ भिंगातून बघा. नवी साइट बसवल्यावर नवी रेघ ओढली असेलच. ती मध्येच तुटली असेल तर साइट सरकली आहे. स्क्रूला की लावून फक्त टेकवून बघा, आवळू नका. मग महिन्यातून एकदा. पिस्तूल हातातून पडलं, पेटी एसटीच्या टपावर गेली, किंवा कुणी हौसेनं उचलून पाहिलं, की पुन्हा रेघ बघायची.

त्या मुलीच्या वहीत आता एक पान आहे: डोळा ते साइट ७८, साइट ४.५, खाच ४.३, तळ ०.०७ घासला, खालून ३९, डावीकडून २२, काजळी कापराची. जुनी ५ ची साइट तिच्या स्क्रूसह एका रिकाम्या गोळ्यांच्या डबीत घालून, वर तारीख आणि पिस्तुलाचा नंबर चिकटवून ठेवली आहे. तिची उंची अजून वाढते आहे. दिवाळीनंतर आम्ही सुतळी पुन्हा काढणार आहोत.